पानिपत : रणभूमी, ऋतू आणि रयत



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते या शाळेत इतिहास आणि भूगोल असे दोन्ही विषय शिकवीत. इतिहासाच्या तासालाही ते भिंतीवर नकाशा टांगल्यावाचून बोलावयास उभे राहत नसत. लढाईची सनावळी पाठ नसली तरी चालेल, पण ती कोणत्या नदीच्या कोणत्या काठावर झाली हे सांगता आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. त्यांच्या स्मृतीस अभिवादन करताना त्यांच्याच पद्धतीने एखाद्या परिचित विषयाकडे पाहावे असे मनात आले, आणि म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी पानिपत हा विषय घेतला आहे.

मी काही इतिहाससंशोधक नव्हे. आयुष्यभर मराठी भाषा आणि साहित्य शिकविण्याचे काम केले. तेव्हा माझा प्रवेश भाषेच्या दारानेच होणार. पानिपताने मराठी भाषेला जेवढे शब्द आणि वाक्प्रचार दिले, तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या लढाईने दिले असतील. संपूर्ण नाश झाला की आपण ‘पानिपत झाले’ म्हणतो. बेशिस्त जमावाला ‘भाऊगर्दी’ म्हणतो. कोणी भरवसा ठेवण्याची गोष्ट काढली की ‘विश्वास पानिपतात गेला’ असे उत्तर तयार असते. आणि अरिष्ट आले की ‘संक्रांत आली’ हे तर घरोघरी बोलले जाते. पानिपताची गोष्ट सांगतानाही आपण संक्रांतीचा उल्लेख हटकून करतो.

या शब्दांकडे जरा थांबून पाहा. आपल्या भाषेने भाऊ लक्षात ठेवला, विश्वासराव लक्षात ठेवला, अशुभ तिथी लक्षात ठेवली. यमुना मात्र ती विसरली. पाऊस विसरली, थंडी विसरली, आणि ज्यांच्या शेतांवर ही लढाई झाली ते शेतकरीही विसरली. व्यक्ती आणि दैव या दोहोंमध्ये सारा पराभव वाटून टाकून आपण मोकळे झालो. भाऊसाहेब हट्टी होते की नव्हते, मल्हारराव वेळेआधी निघून गेले की नाही, गोल मोडला तो कोणामुळे, या वादांत दोन-अडीच शतके गेली. ते वाद निरर्थक आहेत असे मी म्हणत नाही. परंतु ज्या भूमीवर ही माणसे उभी होती ती पाहिल्यावाचून त्यांना दोष देणे किंवा त्यांची बाजू घेणे, दोन्ही अपुरे आहे, एवढेच मला नम्रपणे सुचवावयाचे आहे.

संक्रांतीचा उल्लेख आलाच आहे, तर त्याचा निकाल आधी लावू. लढाई झाली ती १४ जानेवारी १७६१ रोजी, पौष शुद्ध अष्टमीला, बुधवारी. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते म्हणून ती लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली असे आपण धरून चालतो. परंतु आपले निरयन वर्ष आणि इंग्रजी वर्ष यांच्यात किंचित अंतर आहे. त्यामुळे इंग्रजी तारखांच्या हिशेबाने संक्रांत सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. १७६१ साली ती जानेवारीच्या १० तारखेच्या आसपास येऊन गेली होती. म्हणजे लढाईच्या दिवशी संक्रांत नव्हती. होता तो पौषातला सूर्य, आणि त्याने काय केले ते पुढे येईलच.

आता मी तुमच्यापुढे एक शब्द ठेवतो. तो शब्द म्हणजे ‘घाट’. महाराष्ट्रात घाट म्हणजे डोंगर उतरण्याची किंवा चढण्याची वाट : बोरघाट, आंबाघाट, खंबाटकी. आपल्याकडे ग्वाल्हेरीस आणि त्याच्या उत्तरेस घाट म्हणजे नदीचा काठ, नदीत उतरण्याची किंवा नदी ओलांडण्याची जागा. शब्द एकच, पण डोंगरात वाढलेल्या माणसाला त्यात पाषाण दिसतो आणि गंगा-यमुनेच्या काठी वाढलेल्या माणसाला पाणी दिसते. मराठ्यांची सारी युद्धविद्या पहिल्या घाटावर तयार झाली. तिची परीक्षा झाली ती दुसऱ्या घाटावर.

सह्याद्रीच्या प्रदेशात खिंड अडविली की मोठे सैन्य थांबते. हरलेली तुकडी रानात शिरते, किल्ल्यावर चढते आणि आठ दिवसांनी पुन्हा उभी राहते. तेथील नद्यांचे तळ बहुतेक काळ्या पाषाणाचे. नदीचा उतार आजोबांच्या वेळी जेथे होता तेथेच नातवाच्या वेळीही असतो. यमुनेचे तसे नाही. तिचे पात्र वाळूचे आणि गाळाचे. दर पावसाळ्यात ती धार बदलते. गेल्या वर्षी घोडा जेथे पोटापर्यंत बुडाला तेथे यंदा हत्ती बुडेल, आणि जेथे डोह होता तेथे यंदा पायउतार सापडेल. असा उतार नकाशावर सापडत नाही. तो नावाड्याला, गुराख्याला, काठावरच्या शेतकऱ्याला ठाऊक असतो. सह्याद्रीत भूगोल पाषाणात कोरलेला असतो. यमुनाकाठी तो माणसांच्या तोंडी असतो. माझ्या आजच्या प्रतिपादनाचा गाभा हाच आहे.

पानिपत याच ठिकाणी एवढ्या लढाया का झाल्या, याचे उत्तरही भूमीतच आहे. उत्तरेस शिवालिकच्या टेकड्या आणि हिमालय, नैर्ऋत्येस राजस्थानचे वाळवंट. या दोहोंमध्ये सिंधूचे खोरे आणि गंगा-यमुनेचे खोरे यांना जोडणारी सपाट भूमीची एक पट्टी आहे. लाहोरहून दिल्लीला येणारा राजमार्ग या पट्टीतूनच जातो. १५२६, १५५६ आणि १७६१ या पानिपतच्या तीन लढाया. ११९१ आणि ११९२ मधील तराईच्या दोन. १७३९ मधील नादिरशहाची कर्नाळची. आणि महाभारताने सांगितलेले कुरुक्षेत्र. सारी याच पट्टीत. पानिपत दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वादोनशे मीटर उंचीवर आहे. टेकडी नाही, खिंड नाही, आडोसा नाही. १५२६ साली बाबराने आपली उजवी बगल पानिपत गावाच्या घरांना टेकविली आणि डाव्या बाजूस खंदक व झाडांच्या फांद्या यांचा अडथळा रचला, तो एवढ्यासाठीच. ज्या भूमीत आडोसा नाही तेथे तो माणसालाच उभा करावा लागतो.

फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामाचा पराभव झाला आणि मार्चमध्ये भाऊसाहेब उत्तरेकडे निघाले. वाट लांब होती, सामान जड होते, तोफखाना होता. मे महिन्याच्या अखेरीस सैन्य ग्वाल्हेरच्या परिसरात आले. भाऊंचा पहिला बेत असा होता की पावसाळ्यापूर्वी यमुना ओलांडून अंतर्वेदीत उतरावे आणि अब्दाली व त्याचे मित्र यांच्यामध्ये पाचर मारावी. गोविंदपंत बुंदेल्यांना इटाव्याकडे नावा जमवून ठेवण्याविषयी त्यांनी लिहिले होते. परंतु चंबळ ओलांडून आग्र्याकडे सरकेपर्यंत पाऊस आला. वाटेत गंभीर नदीच्या पुराने सैन्य खोळंबले. यमुना भरून वाहू लागली आणि नावांचा बेत नावांतच राहिला. ज्या ऋतूत दख्खनचा शिपाई पूर्वापार छावणी करून बसे, त्याच ऋतूत येथे निर्णय घ्यावे लागत होते.

यमुनेच्या अलीकडे भाऊ, पलीकडे अनूपशहराच्या बाजूस अब्दाली. मध्ये दोन काठ भरून वाहणारे पाणी. पूर दोघांनाही सारखाच होता. मग तो एकाला ढाल आणि दुसऱ्याला भिंत का झाला? येथे आपल्याला भूमीवरून माणसांकडे वळावे लागते.

अब्दालीचे घर कंदाहारला होते. पुण्याहून पानिपत जसे दूर, तसेच कंदाहारहूनही दूर. दोन्ही सैन्ये परकीच. पण अब्दालीला यमुनेपलीकडे आपली माणसे मिळाली. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पठाणांची मोठी वस्ती गंगेच्या पूर्वेस कटेहरमध्ये झाली. त्यावरूनच त्या प्रदेशाला रोहिलखंड हे नाव पडले. वरच्या अंतर्वेदीत नजीबखानाची जहागीर होती. १७६० च्या उन्हाळ्यात अयोध्येचा शुजाउद्दौला अब्दालीला मिळाला आणि पूर्वेकडची धान्याची कोठारेही त्या पक्षाकडे गेली. ज्या पुराने अब्दालीला अंतर्वेदीत कोंडले, त्या पुरानेच त्याला तेथे सुखाने पोसले. कारण तेथील घरे त्याच्या मित्रांची होती.

मराठ्यांच्या बाजूस काय होते? राजपूत राजे तटस्थ राहिले. चौथाई आणि वारसांच्या भांडणांतील आपली ढवळाढवळ यांची कडवट आठवण त्यांच्या मनात ताजी होती. भरतपूरचा सूरजमल जाट सोबत होता, पण ऑगस्टमध्ये दिल्ली हाती आल्यानंतर तोही बाजूस झाला. दिल्ली ते मथुरा-भरतपूर हा पट्टा धान्याचा आणि चाऱ्याचा. तो रुसला म्हणजे दिल्लीमागचे कोठार बंद झाले. पतियाळ्याच्या आला सिंगाकडून काही रसद येत राहिली एवढेच. नकाशावर मराठ्यांची सत्ता अटकेपर्यंत पोहोचल्याचे आपण अभिमानाने सांगतो. पण ज्या मुलखातून आपण चौथाई घेतो तो मुलूख अडचणीच्या वेळी आपल्याला भाकरी देईल काय, हा प्रश्न नकाशावर लिहिलेला नसतो.

ऑक्टोबरमध्ये भाऊसाहेब दिल्लीहून उत्तरेकडे निघाले आणि १७ तारखेस त्यांनी कर्नाळपलीकडचे, यमुनाकाठचे कुंजपुरा घेतले. हा खरोखर मोठा विजय होता; तेथे अब्दालीसाठी साठविलेले धान्य हाती लागले. दसरा तेथेच झाला. सैन्य कुरुक्षेत्राच्या वाटेवर असताना वार्ता आली की अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला. तारीख २५-२६ ऑक्टोबर. पाऊस संपून महिना होत आला होता, पाणी उतरू लागले होते, तरी नदी निर्धोक नव्हती. उतरताना त्याची काही माणसे वाहून गेली. पण सैन्य उतरले. पैलतीरावरचा मुलूख नजीबखानाच्या बाजूचा होता. नदीच्या मनातले ज्यांना कळते ती माणसे त्या काठावर होती.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. बागपत दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ४० किलोमीटरवर आहे. कुंजपुरा त्याच्याही पुष्कळ वर. म्हणजे अब्दाली उतरला तो भाऊ आणि दिल्ली यांच्या मध्ये. वायव्येकडून आलेला अब्दाली उत्तरेकडे तोंड करून उभा राहिला आणि दक्षिणेतून आलेले मराठे दक्षिणेकडे तोंड करून. प्रत्येकाचे घर शत्रूच्या पाठीमागे गेले. परंतु अब्दालीच्या उजव्या हाताला यमुनेचा घाट आणि त्यापलीकडे रोहिल्यांचा मुलूख होता. मराठ्यांच्या पाठीमागे होता पंजाब, जो त्यांनी १७५८ मध्ये जिंकला आणि पुढल्याच वर्षी गमावला होता. लढाईच्या अडीच महिने आधीच हा डाव एका घाटावर फिरला होता.

नोव्हेंबरच्या आरंभापासून १४ जानेवारीपर्यंत, सुमारे ७५ दिवस, सैन्ये समोरासमोर होती. या ७५ दिवसांचा हिशेब शाळेतला मुलगाही मांडू शकेल. एका घोड्याला दिवसाला चारा आणि दाणा मिळून आठ-दहा किलो लागतो असे धरा. छावणीत घोडे, बैल, उंट मिळून पन्नास हजार जनावरे मोजली तरी दररोज चारशे ते पाचशे टन चारा हवा. तो बैलगाड्यांवर येणार, आणि त्या गाड्या ओढणारे बैलही खाणार. आता ऋतू पाहा. खरिपाची ज्वारी-बाजरी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निघून गावांच्या कणग्यांत गेलेली. गव्हाची पेरणी नोव्हेंबरची, कापणी एप्रिलची. डिसेंबर-जानेवारीत शेतात उभे असते ते कोवळे हिरवे रोप. म्हणजे शेतात खाण्याजोगे धान्य नाही, आणि जे आहे ते शेतकऱ्याच्या घरात आहे. ते तो मित्राला देईल किंवा पैशाला देईल. मराठ्यांजवळ मित्रही कमी होते आणि पैसाही.

आणि खाणारी तोंडे? लढणाऱ्यांपेक्षा न लढणाऱ्यांची संख्या जास्त होती. सेवक, व्यापारी, बाजारबुणगे, स्त्रिया आणि यात्रेकरू. या यात्रेकरूंवर आपल्या लेखकांनी फार कोरडे ओढले आहेत. पण त्यांचाही भूगोल समजून घ्या. मराठी माणसाची काशी, प्रयाग, मथुरा, कुरुक्षेत्र ही तीर्थे सारी उत्तरेत. आणि एकट्यादुकट्याने तेथवर जाण्याची वाट निर्धोक नव्हती. स्वराज्याची फौज निघाली म्हणजे जन्माची यात्रा घडण्याची संधी आली, असे एखाद्या वृद्धेला वाटले असेल तर तिला कोणत्या तोंडाने बोल लावावा? भाऊगर्दी या शब्दात जी गर्दी आहे तिच्यातले बहुसंख्य लोक लढावयास आलेच नव्हते.

अब्दालीने येथे काही नवे केले नाही. १७२८ साली पहिल्या बाजीरावाने पालखेडला निजामाशी हेच केले होते. त्याला हुलकावण्या देत अशा ठिकाणी आणले की पाणी मिळेना, दाणा मिळेना, आणि मोठी लढाई न होताच निजाम मुंगी-शेवगावच्या तहास आला. गोदावरीच्या खोऱ्यातला प्रत्येक ओढा बाजीरावाच्या स्वारांना ठाऊक होता. जी विद्या आपण आपल्या भूमीत शत्रूला शिकविली, तीच परभूमीत आपल्यावर उलटली. याचे कारण विद्या विसरली गेली हे नव्हे. ती ज्या मातीत रुजली होती ती माती बरोबर नेता येत नव्हती.

तरीही प्रारंभीचे काही आठवडे डाव कोणाचाही होता. गोविंदपंत बुंदेले अंतर्वेदीत अब्दालीची रसद तोडीत होते आणि त्याच्याही छावणीत महागाई झाली होती. ७ डिसेंबरला बळवंतराव मेहेंदळे पडले. त्याच महिन्यात गोविंदपंत मारले गेले आणि अंतर्वेदीतला मराठ्यांचा हात तुटला. जानेवारीच्या आरंभी दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली एक मराठी तुकडी रात्रीच्या अंधारात वाट चुकली आणि आपलीच छावणी समजून अफगाणांच्या छावणीत शिरली. आपल्या माणसांना हाक मारावी तशी ती मराठीत बोलू लागली, आणि त्या बोलण्यानेच ओळखली जाऊन कापली गेली. भाषेचा अध्यापक म्हणून सांगतो, पानिपताच्या साऱ्या हकिकतींमध्ये मला या प्रसंगाइतके अस्वस्थ करणारे दुसरे काही नाही. आपली भाषा जेथे ओळखीची खूण न राहता मृत्यूची खूण होते, तेथे आपण किती एकटे पडलो आहोत हे दुसऱ्या कशाने सांगावे?

त्यात थंडी. जानेवारीतली त्या प्रदेशातली रात्र ग्वाल्हेरकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. पण पुण्या-साताऱ्याकडच्या शिपायाला ती नवी होती. अफगाणांच्या अंगावर मेंढीच्या कातड्याचे कोट, आणि त्यांच्या मायदेशाच्या मानाने ही थंडी सौम्यच. उपाशी देहाला थंडी दुप्पट लागते. उपासाने मरण्यापेक्षा लढून मरू, असा आग्रह छावणीतून झाला; भाऊसाहेबांना तो मानावा लागला. गोल बांधून यमुनेच्या रोखाने वाट काढीत दिल्लीकडे जावयाचे, असा बेत ठरला. म्हणजे मराठे त्या दिवशी जिंकण्यासाठी निघाले त्याहून अधिक पाण्यापर्यंत आणि घरापर्यंत पोहोचण्यासाठी निघाले होते.

लढाईचे वर्णन मी विस्ताराने करीत नाही. ते आपण सर्वांनी वाचले आहे. दोन-तीन गोष्टीच सांगतो. पौषातला सूर्य दक्षिणेकडून फिरतो. पानिपतच्या अक्षांशावर त्या दिवशी भर दुपारीही तो क्षितिजापासून चाळीस अंशांच्या वर चढला नसेल. मराठ्यांची तोंडे दक्षिण-आग्नेयेस. सकाळपासून तो सूर्य त्यांच्या डोळ्यांवर होता, आणि अफगाणांच्या पाठीवर. दुसरी गोष्ट सपाट भूमीची. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी आणि तोफांनी सकाळी रोहिल्यांची दाणादाण उडविली, पण आपल्या जड तोफा जेथे रोवल्या तेथेच राहिल्या; अब्दालीच्या उंटांवरील जंबुरक्या मात्र त्या मोकळ्या मैदानात हव्या तेथे धावत होत्या. उंचवटा असता तर जड तोफेला तो सिंहासन झाला असता. तिसरी गोष्ट राखीव फौजेची. उपाशी माणसाचे बळ सकाळी असते, दुपारनंतर ते ओसरते. अब्दालीने आपले ताजे स्वार दुपारीच घातले. विश्वासराव पडले, आणि उरलेले सारे अगदी थोड्या वेळात झाले.

मग रात्र झाली. शुद्ध अष्टमीचा अर्धा चंद्र सूर्यास्ताला माथ्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. तेवढे सारे तास पाठलाग करणाऱ्यांना उजेड होता आणि पळणाऱ्यांना लपावयास एक झुडूप नव्हते. सह्याद्रीत हरलेल्या सैन्याला डोंगर पोटात घेतो. येथे कोणी घेतले नाही. लढाईत पडले त्यांच्यापेक्षा पाठलागात आणि दुसऱ्या दिवशीच्या कत्तलीत अधिक माणसे गेली, याचे कारण अफगाणांच्या क्रौर्याइतकेच त्या उघड्या मैदानातही आहे.

आणि तरीही पोटात घेणारे कोणी निघालेच. जो सूरजमल रुसून गेला होता त्याने आणि त्याच्या राणीने, किशोरीने, थंडीने कुडकुडत आलेल्या हजारो जखमी, उपाशी, वस्त्रहीन मराठ्यांना आपल्या मुलखात आश्रय दिला. अन्न दिले, पांघरूण दिले आणि ग्वाल्हेरकडे वाटेला लावले. पार्वतीबाई, मल्हारराव, नाना फडणीस ही मंडळी ग्वाल्हेरला पोहोचली. नानासाहेब पेशव्यांना भेलशाच्या मुक्कामी मोती, मोहरा आणि खुर्दा अशा सांकेतिक शब्दांत लिहिलेले ते प्रसिद्ध पत्र मिळाले. महादजींना रणातून कोणी काढले? राणेखान नावाच्या एका पखालजीने. जखमी महादजींना आपल्या बैलावर घालून त्याने दूर नेले. मैदानाने आडोसा दिला नाही. तो एका पाणी वाहणाऱ्या माणसाने दिला.

विजेत्यालाही भूगोलाने सोडले नाही. मार्च १७६१ मध्ये, म्हणजे दोनच महिन्यांनी, अब्दाली परतला. पगार थकलेले, घराची ओढ लागलेली आणि हिंदुस्थानचा उन्हाळा तोंडावर आलेला. त्याच्या सैनिकांना येथे राहावयाचे नव्हते. जिंकलेली दिल्ली त्याला ठेवता आली नाही.

येथे एक आक्षेप रास्त आहे. सारे भूगोलाने केले म्हटले तर माणसाचे कर्तृत्व आणि माणसाची जबाबदारी कोठे राहिली? दैवाच्या जागी भूगोल बसविला, एवढाच फरक झाला. मला तसे म्हणावयाचे नाही. नदी कोणाचाही पक्ष घेत नाही. पूर दोघांना होता, थंडी दोघांना होती, मैदान दोघांना सपाट होते. फरक पडला तो भूमी आणि सैन्य यांच्यामध्ये उभ्या असलेल्या माणसांमुळे : उतार दाखविणारा, धान्य विकणारा, वाट सांगणारा, दार उघडणारा. ही माणसे मिळविणे ही गोष्ट दैवाधीन नाही. ती राजकारणाची, वर्तनाची आणि काळाची गोष्ट आहे; ती एका मोहिमेत होत नाही.

याची साक्ष महादजी शिंद्यांचे पुढचे आयुष्य देते. १७७१ मध्ये मराठे पुन्हा दिल्लीत आले आणि जानेवारी १७७२ मध्ये शाह आलम त्यांच्या पाठिंब्याने आपल्या राजधानीत परतला. पुढे महादजी उत्तरेत पाहुण्यासारखे आले-गेले नाहीत, राहिले. मथुरेस त्यांचा दीर्घ मुक्काम असे. व्रज भाषेत त्यांनी भक्तिपर पदे रचली. पानिपतातून ज्याने वाचविले त्या राणेखानाला त्यांनी भाऊ मानून सेनापतीच्या पदास नेले. १७८७ मध्ये लालसोटच्या लढाईत त्यांच्यावर पुन्हा तशीच वेळ आली : फितुरी, रसदेची टंचाई, माघार. पण हे पानिपत झाले नाही. का? कारण या वेळी पाठीमागे चंबळ होती, तिचे बेहड होते, ग्वाल्हेर होते, आणि ओळखीचा मुलूख होता. महादजी मागे हटले, सावरले, आणि १७८८ च्या जूनमध्ये आग्र्याजवळ राणेखान आणि द बॉयन यांच्या फौजांनी बाजी उलटविली. पराभव तोच, पण या वेळी त्याला टेकावयास जमीन होती.

मित्रहो, आपण ज्या गावात बसलो आहोत त्याचे नावच लष्कर आहे. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांचा तळ येथे पडला, आणि तळाचे शहर झाले. तंबूंच्या जागी वाडे आले, वाड्यांमागून गल्ल्या, देवळे, पेठा आणि आपल्यासारख्या शाळा. तळ आणि गाव यांत काय अंतर असते? तळाला शेजार नसतो. तो कोठूनही रसद मागवतो आणि उठून जातो. गावाला शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी लागते, त्याच्या लग्नाला जावे लागते, त्याची भाषा आपल्या मुलांच्या तोंडी आलेली आनंदाने ऐकावी लागते. पानिपताला सव्वादोनशेहून अधिक वर्षे लोटल्यावर येथे मराठी शाळा चालते आणि तिचे विद्यार्थी घरात मराठी व अंगणात हिंदी सारख्याच सहजतेने बोलतात, हे मला एखाद्या किल्ल्यापेक्षा कमी मोलाचे वाटत नाही.

येथील तरुण माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण दूरदूरच्या शहरांत स्थायिक झाले आहेत, आणखीही होतील. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की जेथे जाल तेथील घाट ओळखा. तुमच्या भाषेत त्या शब्दाचा जो अर्थ असेल त्यावर विसंबू नका. आणि पानिपताची गोष्ट पुढच्या पिढीला सांगाल तेव्हा भाऊ, विश्वासराव आणि दत्ताजी यांच्या बरोबरीने सूरजमल, किशोरी आणि राणेखान यांचीही नावे सांगा. गुरुवर्यांनी भिंतीवर टांगलेल्या नकाशात नद्या होत्या, गावे होती. माणसे भरण्याचे काम त्यांनी आपल्यावर सोपविले होते.